वहिनी, तुझं काम इथं सर्टिफिकेट घेऊन करतात

कोलंबस, ओहायो
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय वहिनी,

एवढं मोठं पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहोत. फोनवर सांगता आलं असतं पण फोन केला की आई स्पीकरवर टाकते, आणि व्हॉइस मेसेज पाठवला तर दादा जेवताना मोठ्यानं लावतो, मग भिंतीपलीकडच्या काकूंनाही सगळं कळतं, म्हणून टाईप करतेय. आधी तू एकटी वाच. आईला काय सांगायचं ते तू तुझ्या पद्धतीनं सांग, आशा सेविका म्हणून गावातल्या निम्म्या सासवांना तू लसीसाठी गुंडाळलंयस, आई काय चीज आहे.

तर गेल्या दिवाळीत आम्ही तुमच्याशी खोटं बोललो. पाडव्याला व्हिडिओ कॉलवर दादा म्हणाला ना, पाव्हणं लय वाळलेत, आणि मी म्हणाले जिमला जातायत. जिम कसली, नोकरी गेली होती यांची, दसऱ्यानंतर आठवड्यात. इथं आमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. मला माझ्या व्हिसावर काम करता येत नाही हे तुला माहितीच आहे. आठव्या आठवड्यात मिळाली यांना नोकरी, पहिलीपेक्षा कमी पगाराची, पण मिळाली. मधले दिवस कसे काढले ते कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुला सांगतेय, कारण त्यात तुझा संबंध आहे. कसा ते पुढं येईलच.

नोकरीबरोबर विमा गेला. इथं कोब्रा म्हणून कायदा आहे, नाव बरोबर ठेवलंय, जुना विमा चालू ठेवता येतो पण कंपनी भरत होती तो हप्तासुद्धा आपणच भरायचा, वर २ टक्के. आकडा बघूनच आम्ही फाईल मिटली. म्हटलं दोन महिने कुणी आजारी पडायचं नाही. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी रात्री पोरीचा कान ठणकायला लागला. ताप, रडणं, मी तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी करून शेकतेय आणि हे मोबाईलवर बघतायत की इमर्जन्सीत नेलं तर बिल किती येईल. वहिनी, इथं लोक अँब्युलन्स बोलवायला घाबरतात, बिलाला. मला त्या रात्री आपली १०८ आठवली. कधी उशिरा येते, कधी डिझेल नसतं म्हणतात, सगळं खरं, पण आण्णांना सिव्हिलला नेलं तेव्हा त्या ड्रायव्हरनं एक रुपया मागितला नव्हता.

सकाळी वरच्या मजल्यावरची म्हातारी म्हणाली २११ ला फोन कर. पोलिसाचा असतो तसा हा मदतीचा नंबर, १९९७ साली अटलांटात सुरू झाला आणि आता जवळजवळ सगळीकडं आहे. तुमचा पिनकोड विचारतात, अडचण विचारतात, आणि जवळ कोण काय देतं ते सांगतात. दवाखाना, अन्नधान्य, थकलेलं घरभाडं, थंडीतलं हीटरचं बिल, सगळं एकाच ठिकाणी. पलीकडच्या बाईनं मला जात-पात, व्हिसा, नवरा काय करतो, काही विचारलं नाही. पोरीला ताप किती आहे ते विचारलं आणि पत्ता दिला.

तो पत्ता होता कम्युनिटी हेल्थ सेंटरचा. हे आपल्या पीएचसीसारखं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं वाटतं पण तसं नाही, सरकार चालवत नाही, सरकार पैसे देतं आणि चालवते स्थानिक संस्था. १९६५ मध्ये बोस्टनच्या एका गरीब वस्तीत पहिलं असं सेंटर निघालं, आता देशभर आहेत. पैसे नाहीत म्हणून परत पाठवायचं नाही असा नियमच आहे, तुमच्या उत्पन्नाप्रमाणं फी, गरिबीच्या सरकारी रेषेखाली असलात तर नावापुरती. आमच्याकडून वीस डॉलर घेतले. आणि तुला आवडेल अशी गोष्ट सांगते, त्यांच्या कारभारी मंडळात निम्म्याहून जास्त माणसं तिथले पेशंटच असावी लागतात. मला लगेच आपल्याकडची रुग्ण कल्याण समिती आठवली, जिच्यात रुग्ण सोडून सगळे असतात (हे दादाला वाचून दाखवू नकोस, तो सरपंचांना जाऊन सांगेल).

काउंटरवर मुलीनं विचारलं दुभाष्या पाहिजे का, भाषा कुठली. मला इंग्रजी येतं की, पण यादीत मराठी दिसली आणि तोंडातून हो निघून गेलं. फोन लावला, पलीकडून बाईचा आवाज, "नमस्कार, बाळाचा कान किती दिवसांपासून दुखून राहिला जी?" नागपूरकडची! वहिनी, मी त्या दवाखान्यात रडले. डॉक्टरला वाटलं पोरीच्या काळजीनं रडतेय. पूर्ण पंधरा मिनिटं मी डॉक्टरचं इंग्रजी कळत असून गप्प बसले आणि तिचं मराठी ऐकत राहिले.

तिथंच मला भेटली ती नेपाळी दिदी. आमच्या कोलंबसमध्ये भूतानमधून हाकललेली नेपाळी माणसं खूप आहेत, नेपाळच्या छावण्यांत पंधरा-अठरा वर्षं काढून मग २००८ पासून इकडं यायला लागली. ही त्यातलीच. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रजिस्टर, बीपीचं मशीन, फॉर्मांचा गठ्ठा. वहिनी, तूच! फक्त साडी नाही, जाड जॅकेट. औषधं घेऊन निघालो तर ती मागं आली, माझ्याशी हिंदीत बोलली, घरात किती माणसं, शिधा आहे का, भाडं भरलंय का, रात्री झोप लागते का. झोपेचं कुणी विचारलं नव्हतं तोवर. मग म्हणाली उद्या येते घरी. आणि खरंच आली, चपला दाराबाहेर काढून आत आली, चहा घेतला, फॉर्म भरायला दोन तास बसली. फॉर्म मला भरता येत नव्हता असं नाही, मी बी.कॉम. आहे. पण अशा वेळी डोकं चालत नाही गं, त्याच रकान्यात तीन वेळा चुकीची तारीख लिहिली मी.

तिच्या कामाला इथं कम्युनिटी हेल्थ वर्कर म्हणतात. ओहायोत त्याचं रीतसर ट्रेनिंग असतं आणि राज्याचं नर्सिंग बोर्ड सर्टिफिकेट देतं. काम काय तर घरोघर जायचं, गरोदर बाई, शुगरवाला म्हातारा, एकटी राहणारी आजी, कुणाच्या गोळ्या संपल्या, कुणाला दवाखान्यात न्यायला गाडी नाही.

तिनंच आम्हाला फूड पँट्रीत पाठवलं. तिथं जायला मी चार दिवस लावले. आण्णांनी उभ्या जन्मात कुणाकडून वाटीभर साखर उसनी आणू दिली नाही, आणि मी अमेरिकेत येऊन फुकटच्या धान्याच्या रांगेत. टोपी खाली ओढून गेले. वाटलं होतं पिशवी हातात देतील आणि फोटो काढतील. तसलं काही नाही, दुकानासारख्या फळ्या, ट्रॉली घ्यायची, घरात माणसं किती त्याप्रमाणं आपल्याला पाहिजे ते उचलायचं. तांदूळ, बटाटे, डबाबंद हरभरे, राजमा म्हणजे आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचा लांबचा चुलता. डुकराच्या मांसाचा डबा चुकून ट्रॉलीत आला तो मी गुपचूप फळीवर ठेवला तर तिथला म्हातारा स्वयंसेवक हसला आणि शेंगदाण्याच्या लोण्याच्या दोन बरण्या दिल्या. त्याची मी कढीपत्ता घालून चटणी केली, पोरीला आवडली.

यांची नोकरी लागल्यावर मी त्याच पँट्रीत दर शनिवारी कामाला जायला लागले, पगार न घेता चालतं मला. म्हातारी नेपाळी माणसं येतात त्यांच्याशी हिंदीत बोलते, कुठल्या डब्यात काय आहे ते सांगते.

आता तुझा संबंध. मागच्या महिन्यात आम्हा स्वयंसेवकांना एक दिवसाचं ट्रेनिंग होतं, त्या हेल्थ सेंटरची वयस्कर नर्स शिकवायला आली होती. हे घरोघर जायचं काम अमेरिकेनं शोधलेलं नाही म्हणाली, आणि पडद्यावर फोटो लावला, नऊवारीतल्या बायका, हातात वही. खाली लिहिलेलं जामखेड. ती "जॅमखेड" म्हणाली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे या दोघांनी १९७० मध्ये आपल्या नगर जिल्ह्यात काम सुरू केलं, कधी शाळेत न गेलेल्या गावच्या बायांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण सगळं शिकवून आरोग्य सेविका केलं, आणि ते बघायला जगभरातनं डॉक्टर आले. मला हे एवढंच माहीत होतं की जामखेडला काहीतरी मोठं काम आहे. मी हात वर केला. म्हटलं ते जामखेड आहे, आमच्यापासून फार लांब नाही, आणि माझी वहिनी हेच काम करते, सातारा जिल्ह्यात.

सगळ्या माना वळल्या. मग काय, मी सुटले. आशा म्हणजे काय, २००५ मध्ये कशी योजना आली, हजार माणसांमागं एक, बाळंत झालेल्या बाईकडं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, बाळाचं वजन करायचं. हे मला पाठ आहे, कारण मी माहेरी असताना तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर असेच गोल करायचीस आणि आई म्हणायची गॅसचा नंबर कुठं लिहू. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनं सगळ्या आशांना मिळून पुरस्कार दिला तेही सांगितलं. टाळ्या वाजवल्या गं त्यांनी.

मग नर्सनं विचारलं, पगार किती?

मी गप्प. म्हटलं पगार नाही, मोबदला असतो, कामागणिक, आणि सरकार वर थोडं ठरावीक देतं, तेही वाढवून घ्यायला थंडीत आझाद मैदानावर बसावं लागलं. ती म्हणाली, मग एखाद्या बाईजवळ नुसतं तासभर बसून तिचं ऐकलं तर ते कुठल्या रकान्यात लिहितात? मला उत्तर नव्हतं. त्या रात्री मला खालच्या आळीतली ती सून आठवली, जिचं मूल गेलं होतं, तू रोज संध्याकाळी भाकरी टाकून झाल्या की तिच्याकडं जायचीस आणि आम्ही घरात चिडायचो की हिला गावाचीच पडलीय. मीच जास्त चिडायचे. लग्न होऊन आलीस तेव्हा वर्षभर तुला अहोजाहो केलं आणि ते सुटल्यावर असली भांडणं सुरू केली, त्याबद्दल कधी बोललो नाही आपण.

इथं सगळं सोन्याचं आहे असं समजू नकोस. नेपाळी दिदीची पोस्ट ग्रँटवर आहे, ग्रँट संपली की नोकरी संपली, ती पण दर वर्षी धास्तीतच. आणि मुळात एवढ्या श्रीमंत देशात कान दुखला म्हणून माणसाला घाम का फुटावा? आधी आजारपण महाग करून ठेवायचं, मग माणूस पडला की त्याला उचलायला संस्था. आपल्याकडं उलटं आहे, योजना ढीगभर, माणसाला तिथवर नेऊन सोडणारं कुणी नाही. म्हणजे तू आहेस, पण त्याचा मोबदला नाही.

म्हणून एक काम सांगते, रागावू नकोस. वरच्या आळीतल्या आक्काची निराधारची पेन्शन बंद पडलीय असं आई मागं म्हणाली होती. मी फोनवर आक्काशी बोलले. ती म्हणते कचेरीत गेले तर बँकेत जा म्हणाले, बँकेत गेले तर कचेरीत जा. पैसे आता थेट खात्यात येतात, त्यामुळं बहुतेक आधार खात्याला जोडलेलं नसेल, नाहीतर हयातीचा दाखला राहिला असेल, दोन्हीपैकी एक. महिन्याला १५०० रुपये म्हणजे आक्काच्या बीपीच्या गोळ्या आणि वर किराणा. आणि तिची पासष्टी उलटली असेल तर तिचं नाव संजय गांधी निराधार योजनेमधनं श्रावणबाळ योजनेत करायला पाहिजे का तेही विचार. तिच्याकडं तिचा बँकेचा पासबुक, आधार आणि जुनं मंजुरीचं पत्र आहे, पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली, मला तिनं जागा सांगितलीय पण ती एकटी काढणार नाही, तिला वाटतं कागद बाहेर काढला की हरवतो.

पण तू तुझा मोबदल्याचा दिवस बुडवून जाऊ नकोस. दादाला गाडी काढायला सांग, आठवड्यातनं एक दिवस त्याचं आल्याचं रान थांबलं तरी चालेल. त्यानं आक्काला मागं बसवून कोरेगावला तहसीलला न्यावं, आणि नुसतं दारात सोडून चहाच्या टपरीवर बसू नये, आत जाऊन खुर्चीत बसावं. तू फक्त त्याला सांग कुठल्या टेबलावर काय विचारायचं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पासबुकाच्या पहिल्या पानाचा आणि शेवटच्या एंट्रीचा फोटो मला पाठव, शेवटचे पैसे कुठल्या महिन्यात आले ते मला बघायचंय.

झेरॉक्स आणि पेट्रोलचे मी दादाच्या नंबरवर टाकलेत, त्याला विचारू नको म्हणावं कशाचे.

पोर उठली वाटतं, थांबते. तुझ्या रजिस्टरचा एक फोटो काढून पाठवशील का, नावं झाकून, नेपाळी दिदीला दाखवायचाय, तिला बघायचंय तुम्ही बेचाळिसावा दिवस कसा लिहिता.

तुझी,
नणंद