प्लगला हात लावण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, पिकअप चढावर झटके मारते आणि उभी असली की स्टिअरिंग थरथरतं. मी नुसतं "बघू" म्हणालो, कारण असलं काही फोनवर धड सांगता येत नाही मला. म्हणून लिहितोय. मला संशय स्पार्क प्लगचा, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणाऱ्या प्लगचा.

तुझी मैत्रीण म्हणते, तिच्या डिझेल पिकअपच्या स्पार्क प्लगला आजवर हात लावावा लागला नाही. कसा लागेल? डिझेलला स्पार्क प्लग नसतातच. तुझी पेट्रोलची, तिला असतात आणि ते झिजतात. प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू खाते, फट रुंदावत जाते. रुंद फटीतून ठिणगी पाडायला कॉइलला (प्लगवर बसलेली, ठिणगीसाठी वीज देणारी) जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. त्यात गाडी भरलेली, चढ आणि तुझा पाय खाली, म्हणजे सिलिंडरमधला दाब वाढलेला. दाबाखाली ठिणगी पडणं आणखी अवघड. म्हणून दुखणं आधी चढावर दिसतं, सपाटीवर नाही.

खरं तर इतकी वाट बघायचीच नसते. साधे निकेलचे प्लग (ज्यांना सगळे कॉपर प्लग म्हणतात) ३० ते ५० हजार किलोमीटर चालतात. प्लॅटिनम आणि इरिडियमचे लाखभर, कधी त्याहून जास्त. तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल, तोच धर. जुन्या मालकाने कधी बदलले हे माहीत नसेल, तर बदललेच नाहीत असं समज. आणि इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी दामटू नकोस. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून निकामी होतो. प्लगच्या मानाने तो फार महाग.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून बघ. पी०३०३ असा कोड आला तर तिसरं सिलिंडर मिसिंग करतंय, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. तिथली कॉइल दुसऱ्यावर लाव आणि दुसऱ्यावरची तिसऱ्यावर. कोड बदलून पी०३०२ झाला तर दोष कॉइलचा, प्लगचा नाही. एवढ्या दहा मिनिटांनी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

इंजिन गार होऊ दे. पूर्ण गार, कोमट नाही. अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) गरम असताना प्लग ओढलास तर आटे सोबत येऊ शकतात. कॉइल काढलीस की प्लगच्या खड्ड्यात हवा मार, नाहीतर तिथली धूळ सिलिंडरमध्ये जाईल. एका वेळी एकच प्लग काढ. सगळे एकदम उघडून बसायची घाई मला कधी कळली नाही. एखादा अडला तर जोर लावू नकोस; थोडा सैल, थोडा परत आत, मुरणारं तेल सोडून वाट बघ, पुन्हा.

निघालेला प्लग उजेडात धर. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट काळा असेल तर ऑइल आत येतंय, ते नव्या प्लगने बरं होणार नाही. पांढरा फटक, फोड आलेला असेल तर जास्त तापतोय.

नव्याचा गॅप, म्हणजे टोकाची फट, तपासून घे. बहुतेक गाड्यांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक, त्यात गेज (फट मोजायची पट्टी) घुसवून वाकवायला जाऊ नकोस.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. माझ्या पहिल्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मी थेट पान्याने फिरवायला लागलो. जड गेला. नवा आहे म्हणून जात असेल, अशी मनाची समजूत घातली आणि आणखी एक फेरा दिला. तिरका बसला होता, हेडचे आटे गेले. हेड उतरवून आत नवे आटे बसवावे लागले. तुझ्या आईला मी बरेच दिवस सांगितलं होतं की गाडी सर्व्हिसिंगला आहे. तेव्हापासून प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवतो. प्लग तिरका लागला की नळी घसरते, आटे वाचतात. आधी थोडं उलटं फिरव, आटा आट्यात पडला की बोटांना बारीकसा टक जाणवतो, मग सुलटं. नुसत्या बोटांनी पूर्ण खाली गेला की मगच पाना.

टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) असेल तर मॅन्युअलचा आकडा. नसेल तर वायसर असलेला नवा प्लग टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वायसर नसलेला, निमुळत्या बैठकीचा असेल तर फेऱ्याचा सोळावा भाग, म्हणजे जेमतेम हलवल्यासारखं. आट्यांना ग्रीस लावू नकोस, त्याने अंदाजापेक्षा जास्त आवळलं जातं. आणि हातातून पडलेला प्लग वापरू नकोस, वरून धड दिसला तरी आतलं चिनीमातीचं काम तडकलेलं असू शकतं.

जुने प्लग फेकू नकोस. ज्या क्रमाने काढलेस त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोच, खाली आकडे लिही आणि फोटो पाठव. तिसऱ्याचा जवळून काढ.

तुझा,
बाबा