हिरवी बुरशी की गुलाबी? मक्याची तपासणी दोन्हींसाठी हवी

मा. संपादक,
स. न.

परतीच्या पावसात मका भिजला की ‘बुरशी लागली’ एवढीच बातमी येते, आणि बुरशी म्हणजे अफ्लाटॉक्सिन हे विष असे सगळे गृहीत धरतात. आपल्याकडे कणसावर जागेसाठी झगडणाऱ्या बुरश्या मुख्यतः दोन. ॲस्परजिलस फ्लेव्हस पोपटी-हिरवी, बोट लावले की भुकटी उडते, अफ्लाटॉक्सिन हिचे. फ्युजेरियम व्हर्टिसिलिऑइड्स पांढरट-गुलाबी, कापसासारखी. हिचे विष फ्युमोनिसिन. दाण्याच्या टोकापासून बारीक पांढऱ्या रेषा फाकलेल्या दिसल्या तर ही दुसरी समजावी.

हिरवीला ३० ते ३५ अंशांची उष्णता मानवते आणि थोड्या ओलीवर तिचे भागते. गुलाबीला २५ ते ३० अंश चालतात, पण दाणा चांगला ओला लागतो. म्हणून कणसाला केस फुटताना पाण्याचा ताण पडून ऊन तापले तर हिरवी माजते. फुलोऱ्यानंतर पाऊस लागून राहिला तर गुलाबी. शिवाय गुलाबी ताटात, बियाण्यातही आधीच मुक्कामाला असते, त्यामुळे ओल्या कणसात हिरवीला सहसा शिरकाव मिळत नाही. अळीने पोखरलेले कणीस मात्र दोघींनाही आयते. इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात एरवी डोकेदुखी फ्युमोनिसिनची. २००३ आणि २०१२ च्या कडक, कोरड्या उन्हाळ्यात तिथेच अफ्लाटॉक्सिन वर आले.

पाऊस पडला म्हणजे गुलाबीच, असेही नाही. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, भिजलेला मका तसाच साठवला गेला आणि अफ्लाटॉक्सिनच्या काविळीने शंभरावर माणसे दगावली. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर भिजलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकरी खाऊन गावेच्या गावे पोटदुखी आणि जुलाबाने आजारी पडली. तिथे फ्युमोनिसिन सापडले.

खरी गोम वाळवणीत आहे. काढणीला दाण्यात २५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. तो १८-२० टक्क्यांखाली आला की गुलाबी थंडावते. हिरवी जवळपास १६ टक्क्यांपर्यंत वाढत राहते. मधल्या पट्ट्यात तिला अडवणारे कोणीच नसते. ताडपत्रीखालची रास नेमकी तिथेच अडकते: रात्री ताडपत्रीला आतून घाम सुटतो, वरचा थर पुन्हा भिजतो, आणि राशीत कोपरापर्यंत हात घातला तर ऊब लागते. ही ऊब हिरवीच्या पथ्यावर पडते. गुलाबीने आधी सोडलेले विष मात्र ती थंडावली म्हणून जात नाही. अशा राशीत दोन्ही विषे एकत्र सापडू शकतात.

म्हणून बिट्ट्या (सोललेली कणसे) पातळ पसराव्यात, बुरशीच्या आणि किडक्या तिथेच बाजूला काढाव्यात, ओलावा १८ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच मळणी करावी. ओल्या बिट्ट्या मळणी यंत्रात घातल्या की दाणा फुटतो, आणि फुटका दाणा बुरशीला आधी बळी पडतो. मळणीनंतर दोन दिवसांत ओलावा १५ टक्क्यांखाली आणि साठवायचा तर १२-१३ टक्क्यांपर्यंत उतरायला हवा. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश मका, दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे व पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ च्या वर.

तक्रार आहे ती तपासणीबद्दल. हमीभाव खरेदीत १४ टक्के ओलावा पाहतात. तो त्या दिवसाचा आकडा, त्याआधी राशीत काय झाले ते त्यातून कळत नाही. विषाची तपासणी झालीच तर अफ्लाटॉक्सिनची पट्टी लावतात, कारण धान्यात त्याची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम अशी ठरलेली आहे. ती पट्टी फ्युमोनिसिनबद्दल काहीच सांगत नाही, आणि घोडे व डुकरे त्याच विषाने मरतात. आफ्रिकेत फुलोऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी हेक्टरी १० किलो ‘अफ्लासेफ’ फेकतात. त्यातली विष न करणारी ॲस्परजिलस विषारी बहिणीची जागा बळकावते. उपाय चांगला, पण गुलाबीच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

बाजार समित्यांनी ओल्या खरिपानंतर दोन्ही विषांची चाचणी करावी. नमुना एका मुठीचा नको. विष मोजक्याच दाण्यांत साठलेले असते, तेव्हा राशीच्या दहा ठिकाणांहून, तळापासूनही, मिळून पाच किलो घ्यावे, सगळे एकत्र दळावे आणि त्या पिठातून नमुना काढावा.

– पीकरोगशास्त्राचे दोन अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर