मॅकवर गेलेल्या युनिक्सप्रेमींना विनंती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युनिक्सवर (आज्ञा टाइप करून चालवायच्या जुन्या संगणकप्रणालीवर) जीव असलेली माणसं विकतची, मालकीची डेस्कटॉप प्रणाली स्वीकारतील का, हा वाद जुना आहे. माझ्या मते त्याचा निकाल २००१ नंतरच लागत गेला. त्या वर्षी मार्चमध्ये ॲपलच्या मॅक संगणकांसाठी मॅक ओएस टेन ही प्रणाली आली. तिचा पाया नेक्स्ट कंपनीकडून आलेला, माख हा गाभा आणि बीएसडी ही युनिक्सची शाखा यांवर उभारलेला. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडलं की ओळखीच्या सगळ्या आज्ञा हजर, आणि वर देखणा डेस्कटॉप. २००७ च्या लेपर्ड आवृत्तीला तर युनिक्सचं अधिकृत प्रमाणपत्रही मिळालं. लिनक्सवर (युनिक्ससारख्याच, पण खुल्या आणि फुकट प्रणालीवर) वायफाय चालवणारा ड्रायव्हर जुळवता जुळवता थकलेला माणूस तिकडे गेला, तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोज १० मध्येच लिनक्सच्या आज्ञा चालवायची सोय करून दिली.

माझी काळजी वेगळी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आमच्या खेड्यांतल्या शाळांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत असलेल्या कित्येक जुन्या मशीन त्यात बसत नाहीत. मॅकची प्रणाली ॲपलच्याच यंत्रावर वापरायची परवानगी आहे. कापसाच्या चुकाऱ्यावर वर्षाचं गणित बसवणाऱ्या घरानं नवीन मशीन आणायची कुठून? ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घातलेलं लिनक्स चांगलं चालतं. अडतं ते बसवून देणाऱ्या माणसावाचून.

तो माणूस म्हणजे आमच्याच गावचा, युनिक्सचा नाद लागलेला पोट्टा. तो शिकायला नागपूर-पुण्याला जातो, नोकरी लागते, हातात मॅक येतो. त्याचा प्रश्न सुटतो; मागे राहिलेल्यांचा तसाच राहतो. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फायली लिबरऑफिसमध्ये (वर्डसारख्या फुकट प्रोग्राममध्ये) युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या रूपात, आणायच्या असतात, प्रिंटर ओळखला जात नाही, एखाद्या फॉन्टमध्ये ‘ऱ्या’ तुटका दिसतो. मॅकच्या बंद भागातली चूक ॲपलनेच दुरुस्त करायची. लिनक्समधली चूक मात्र मराठी लिहिणाऱ्या कुणालाही नोंदवता येते, जमत असेल तर दुरुस्तही करता येते, आणि ती दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोहोचते. हे काम बाहेरचा कुणी करणार नाही. त्याला ‘ऱ्या’ तुटलेला कळणारच नाही!

म्हणून मॅक वापरणाऱ्या आपल्या मुलामुलींना कळकळीची विनंती: कामाला मॅक खुशाल वापरा, पण लिनक्सशी नातं तोडू नका. दिवाळीला गावी याल तेव्हा पेनड्राइव्हवर डेबियन हे लिनक्स घेऊन या, गावच्या शाळेतली एक मशीन चालती करा आणि तिथल्या मास्तरांना मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कळफलक सुरू करून द्या. अमरावती आणि नागपूर विद्यापीठांनीही विद्यार्थ्यांच्या अशा कामाला प्रकल्प म्हणून गुण द्यावेत.

– एक संगणक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ