गुडघेदुखीवाल्यांना पोहण्याच्या तलावात दुपारचा एक तास द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ६४ वर्षांची, इंदिरानगरला राहते, दोन्ही गुडघ्यांची झीज झालीये. डॉक्टर म्हणतात चालत राहा, पण चाललं की दुखतं आणि नाही चाललं की अजून आखडतं, जॉगिंग ट्रॅकवर दोन राउंड झाले की बाक शोधायचा, चार वर्षं असंच चाललंय.

मागच्या उन्हाळ्यात दोन महिने लेकीकडे पुण्याला होते, तिथे एक फिजिओथेरपिस्ट मॅडम संधिवातवाल्यांचा पाण्यातला व्यायाम घ्यायच्या, लेकीने माझं नाव घालूनच टाकलं. मला पोहता येत नाही, तिथे बाराजणांत आठ-नऊ जणांना येत नव्हतं, कारण यात पोहायचं नसतंच! छातीएवढ्या पाण्यात पुढे चालायचं, मग उलटं, मग आडवं, कडेचा बार धरून पाय मागे-पुढे हलवायचा, फोमची लांब नळी काखेत धरून सायकल मारायची. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर साधारण निम्मंच वजन येतं आणि छातीएवढ्या पाण्यात पाव ते एक तृतीयांश, म्हणजे माझं ७२ किलो वजन गुडघ्यांना वीस-बावीस किलोच लागतं. शिवाय पाणी चहूबाजूंनी अडवतं म्हणून स्नायूंना मेहनत पडते पण हिसका बसत नाही. पहिल्या दिवशी मी न लंगडता चालले तेव्हा मला खरंच रडू आलं. व्यायामानंतर दोन तासांनी आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी कमी करा असं मॅडम सांगायच्या, तेवढं पाळलं. झीज भरून आली नाही, येणारही नाही, पण खाली बसून देवपूजा करता यायला लागली.

नाशिकला परत आल्यावर जवळच्या तलावावर विचारलं तर पहिला प्रश्न, स्विमिंग येतं का? नाही तर शिकाऊ बॅच, ती पहाटे. संधिवाताला गार पाणी चालत नाही हो, साधारण २८ ते ३१ डिग्री लागतं, आणि आपल्याकडची पहाट कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. उन्हाने पाणी तापतं त्या दुपारच्या वेळी तलाव बंद. आणि उतरायला उभी शिडी! आत जाणं एकवेळ जमेल, पण पाण्यातून वर येताना सगळं वजन एकदम अंगावर येतं, नेमका तिथेच गुडघा दगा देतो.

म्हणून विनंती, महापालिकेच्या तलावांवर उन्हाळ्यात तरी आठवड्यातून तीन दिवस दुपारी एक तास आमच्यासाठी ठेवा, सोबत फिजिओथेरपिस्ट आणि जीवरक्षक असावेत, उथळ बाजूला रुंद पायऱ्या आणि धरायला कठडा. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, शहरात पायऱ्या-कठड्यांची कामं निघणारच, त्यात एवढं करणं अवघड नाही. अंगभर कापडाचा पोहण्याचा ड्रेस चालेल हेही बोर्डावर लिहा, बऱ्याच बायका त्याच संकोचाने येत नाहीत. बीपी, हृदयाचा त्रास असेल त्यांच्याकडून डॉक्टरांची चिठ्ठी मागा, काहीच हरकत नाही.

फी भरायला आम्ही तयार आहोत. आमच्या कॉलनीत नुसतं विचारलं तर ९ बायका आणि ३ काका लगेच हो म्हणाले, त्यांची यादी माझ्याकडे आहे, कोणाकडे द्यायची तेवढं कळवा.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक