मशीनवाल्याला लायसन्स कोण देतं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी धाकटी बहीण सोलापुरातल्या एका कापड दुकानात 9 वर्षं कॅशवर बसायची. गेल्या उन्हाळ्यात हिशोबात 48 हजार कमी आले. मालकांनी पोलिसात तक्रार दिली नाही, बाहेरगावाहून एका लाय डिटेक्टरवाल्याला (खोटं पकडायचं म्हणतात ते मशीन, त्यालाच पॉलिग्राफ म्हणतात) बोलावलं आणि दुकानातल्या 5 जणांची टेस्ट घेतली.

तिनं सांगितलं तसं लिहितो. दुकानाच्या वरची खोली, एप्रिल महिना, आवाज नको म्हणून फॅन बंद. छातीला पट्टा, पोटाला पट्टा, दंडाला बीपी बघताना बांधतात तसला पट्टा, बोटांना क्लिपा. पट्टे बांधायला तोच माणूस, खोलीत दुसरी बाई कोणी नाही. त्याआधी छापील कागदावर सही घेतली, "मी स्वखुशीने टेस्ट देत आहे", आणि सही करताना मालक दारात उभे. आता यात कसली आली स्वखुशी? तिला धडधडीची गोळी चालू आहे, तेही कुणी विचारलं नाही. संध्याकाळी एका पानाचा रिपोर्ट आला, पाचांत हिच्याच नावापुढे "खोटं बोलत असल्याचं आढळलं", दुसऱ्या दिवसापासून काम बंद. पैसे कुठं गेले ते आजपर्यंत कळलेलं नाही. आमची आई तेव्हापासून गल्लीत हळदीकुंकवालासुद्धा जात नाही.

लोकांना वाटतं मशीन खोटं पकडतं. तसं नसतंय. मशीन फक्त श्वास, नाडी, रक्तदाब आणि कातडीवरचा घाम टिपतं. माणूस भीतीनं घामेजला का खोटं बोलला म्हणून घामेजला का नुसता उकाड्यानं, हे मशीनला कळत नाही, ते समोर बसलेला परीक्षक ठरवतो. म्हणजे सगळा भरवसा त्या माणसावर, आणि तो काय शिकलाय हे बघणारं कुणीच नाही! मी त्याला फोन करून विचारलं तुमचं लायसन्स कुठलं, तर त्यानं व्हॉट्सॲपवर 5 दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट पाठवलं. ओळखीच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, आपल्याकडं पॉलिग्राफ परीक्षकासाठी लायसन्स असा कायदाच नाही.

पोलीस केसमध्ये निदान नियम आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2000 साली पॉलिग्राफबद्दल सूचना काढल्या, आणि 5 मे 2010 ला सुप्रीम कोर्टानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक या खटल्यात सांगितलं की जबरदस्तीनं ही टेस्ट घेता येणार नाही, संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवायची, आरोपीला वकील मिळाला पाहिजे, आणि संमती असली तरी नुसता टेस्टचा निकाल पुरावा म्हणून चालणार नाही. म्हणजे खुनाच्या आरोपीला एवढं संरक्षण, आणि दुकानात कॅशवर बसणाऱ्या बाईला काहीच नाही, तिची नोकरी एका पानावर जाते.

लक्ष्मी मंडईत भाजीवालीच्या तराजूला वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या कायद्यानं लायसन्स लागतं. खासगी डिटेक्टिव्ह एजन्सींसाठी 2007 मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. अमेरिकेत मात्र 1988 सालीच कायदा करून बहुतेक खासगी मालकांना कामगारांची अशी टेस्ट घ्यायला मनाई केली, थोडे अपवाद सोडून, आणि तिकडं काही राज्यांत परीक्षकाला सरकारी लायसन्स घ्यावं लागतं.

आपल्या राज्य सरकारनंही हे करावं अशी माझी कळकळीची मागणी आहे. खरं तर खासगी नोकरीत ही टेस्ट बंदच व्हावी असं माझं मत आहे, पण ते होईपर्यंत निदान परीक्षकांची सरकारी नोंदणी असावी, शिक्षण किती पाहिजे आणि हाताखाली काम किती केलेलं पाहिजे ते ठरवावं, चालू औषधं विचारल्याशिवाय पट्टा बांधू नये, बाईची टेस्ट असेल तर खोलीत बाई असलीच पाहिजे, आणि संपूर्ण रेकॉर्डिंगची कॉपी टेस्ट देणाऱ्याला मिळाली पाहिजे. चुकीचं वागला तर लायसन्स रद्द.

रेकॉर्डिंगचं मुद्दाम लिहितोय. बहिणीनं त्या दिवशीचे आलेख दोनदा मागितले. मालक म्हणतात ते त्या माणसाकडं आहेत, तो म्हणतो सगळं मालकांना दिलं. तक्रार करायची तर कुठल्या ऑफिसात जायचं हे आम्हाला वकिलांनाही सांगता आलं नाही. सोलापुरात अजून कुणावर अशी वेळ आली असेल तर त्यांनी कृपया याच सदरात लिहावं, आम्ही त्यांच्यासोबत निवेदन घेऊन कलेक्टर ऑफिसला यायला तयार आहोत.

आपला नम्र,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर