'छान आहे' चालणार नाही म्हणणाऱ्या ग्रंथपालकाकांस

ग्रंथपालकाका, सा. न. वि. वि.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं, की तुम्ही "असू द्या ताई, त्यात काय" म्हणता आणि रजिस्टरात डोकं खुपसता. म्हणून हे लिहूनच देते, तेही चारचौघांत.

पितृपक्ष संपता संपता मी वाचनालयात आले ती 'छावा' मागायला. 2025च्या फेब्रुवारीत सिनेमा आल्यापासून त्या कादंबरीला गावात नंबर लागलेले. तुम्ही माझं नाव यादीत लिहून घेतलंत आणि म्हणालात, "तोवर लोकांच्या आवडीची बाकीची पुस्तकं वाचा की. अश्विनभर वाचा. अट एकच, परत करताना मत सांगायचं. आणि 'छान आहे' चालणार नाही."

शाळेत 'माझे आवडते पुस्तक' यावर निबंध लिहून लिहून बोटं झिजली. नावडतं कोणतं, हे उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. सोयाबीनच्या मळणीचा हंगाम, धुळीने अख्खा तालुका शिंकत होता, माझ्या मेडिकलच्या दुकानात उसंत नव्हती. तरी रात्री शटर ओढलं की मी वाचत बसायचे, कारण दुसऱ्या दिवशी तुम्हाला काहीतरी धड सांगायचं असायचं.

पहिलं दिलंत 'मृत्युंजय'. 1967 सालचं, आणि लिहिणारे शिवाजी सावंत तेव्हा सत्ताविशीतले. एवढ्या वयात एवढा डोलारा उभा केला, याला नमस्कारच. वाचताना कर्ण मानगुटीवर बसतो हेही खरं. पण माझी तक्रार तुम्हाला आठवत असेल. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात म्हणे, पण आवाज सहाही जणांचा एकच! तीच विशेषणं, तोच उमाळा. पान उघडून वरचं नाव झाकलं, तर वृषाली बोलते आहे की शोण, हे सांगता येऊ नये? शिवाय द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला जे बोलतो, त्याला लेखक कारणांवर कारणं पुरवत जातो. मला त्यातलं एकही पुरलं नाही. हे ऐकून दुसरं कुणी असतं तर "अहो, मृत्युंजय आहे ते!" म्हणून गप्प केलं असतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, "मग एवढं जाडजूड पुस्तक संपवलंत कसं?" त्याचं उत्तर शोधताना मला कळलं, की तक्रार असूनही पुस्तक धरून ठेवू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

'ययाति'वर आपलं जमलं नाही आणि जमणारही नाही. खांडेकरांना 1974चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला पहिलंच, हे तुम्ही मला दोनदा ऐकवलंत. मान्य. पण त्या कादंबरीत माणसं बोलत नाहीत हो, सुविचार सांगतात. तुमच्या प्रतीत मागच्या वाचकांनी पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्यात, काही पानांवर तर रेघ नसलेली ओळ शोधावी लागते. वहीत उतरवून घ्यायला उत्तम. ययातीच्या राणीच्या, देवयानीच्या भागात मात्र रेघा विरळ होत जातात, हे मी मुद्दाम पाहिलं. शर्मिष्ठेवर लेखकाचा जीव आहे आणि देवयानी त्याला पहिल्यापासूनच खुपते, असं मला वाटलं. नवऱ्याने फसवलेल्या बाईला राग येतो, तर तो अहंकार कसा? तुम्ही म्हणालात, पुन्हा वाचा. वाचणार नाही.

'स्वामी'ने मात्र मला आतून हलवलं, आणि त्याचं कारण अगदी माझ्या धंद्यातलं आहे. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशव्यांच्या गादीवर आलेला माधवराव राज्य सावरतो, काकाला आवरतो आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने जातो. 18 नोव्हेंबर 1772. क्षयाचा जंतू सापडायला अजून एकशे दहा वर्षं होती. आज सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या तर बहुतेक रोगी बरे होतात. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून कोर्स मध्येच सोडणारे लोक माझ्याशी काउंटरवर हुज्जत घालतात, तेव्हा हल्ली मला माधवराव आठवतात. रणजित देसाईंनी ते आजारपण फार संयमाने लिहिलं आहे. राजवैद्य, पथ्यं, नवस, आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं पण कुणी न बोलायचं ते सत्य.

शेवट मात्र मी घशाखाली उतरवू शकले नाही. माधवरावांच्या पत्नी रमाबाईंचं सती जाणं इतकं देखणं करून लिहिलंय की वाचताना डोळे भरतात, आणि भरले म्हणून स्वतःचाच राग येतो. थेऊरला त्यांचं वृंदावन आहे, तिथे लोक हात जोडतात. जोडू देत. पण 1962 साली लिहिणाऱ्याने त्या चितेला थोडी तरी धग ठेवायला हवी होती. हे बोलल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, "माझी आई हे पुस्तक देवघरात ठेवायची. तिला असं कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं." त्या दिवसापासून मी तुमच्यापुढे मत मांडताना कचरले नाही.

'दुनियादारी'बद्दल थोडक्यात. तुमच्याकडची सगळ्यात फाटकी प्रत तीच, दोनदा बाइंडिंग होऊनही पानं सुटलेली. सुहास शिरवळकरांचे संवाद टाळ्या घेतात, कट्टा खरा वाटतो, मुली तेवढ्या खऱ्या वाटत नाहीत. पण समीक्षक नाकं मुरडत बसले तेव्हा कॉलेजातल्या पोरांना वाचनालयाचा उंबरा ओलांडायला याच माणसाने लावलं, हे तुमचं म्हणणं मी बिनशर्त मान्य करते. 'शाळा' माझ्या नववीतल्या मुलाने पळवली. त्यातली आणीबाणी म्हणजे काय, हे त्याने मला जेवताना विचारलं. मोबाइल बाजूला ठेवून विचारलं, काका! माझं मत राहू द्या, त्यातल्या नायकाच्या आवडत्या शिरोडकरचं पुढे काय झालं म्हणून तो अजून हळहळतोय.

'कोसला'ने सुरुवातीला डोकं उठवलं. ते 'उदाहरणार्थ', ते 'वगैरे', बापाच्या पैशावर पुण्यात चाललेली ती उधळमाधळ. मी अर्ध्यातून परत आणली, तर तुम्ही कपाळावर आठी आणली नाहीत. "राहू द्या. मनी गेल्याची पानं तेवढी वाचा नि मग द्या," म्हणालात. धाकट्या बहिणीला देवीचा रोग होतो, ती जाते, आणि नायक पांडुरंगाचा तो सगळा वात्रटपणा एकदम उघडा पडतो. तिथून मी मागे वळून पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. उत्तरार्ध मला अजूनही रेंगाळलेला वाटतो. पण ती पानं लिहिणाऱ्याला बाकीचं माफ.

आणि 'बनगरवाडी'. हे तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलंत ना? 1955चं पुस्तक, हातात घेतलं तर केवढंसं. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरवाडीवर शाळा चालवायला जातो, लोकांचे कागद लिहितो, तालमीची इमारत उभी राहते, मग दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. बस. माडगूळकर एकदाही बाजूला घेऊन सांगत नाहीत की बघा, किती वाईट झालं. वाडीचा कारभारी रुसतो तेव्हा रुसतो, त्याचं स्पष्टीकरण नाही. महिनाभर अलंकारांचं खाऊन जड झालेल्या जिभेला ही भाकरी लागली. आमच्याकडेही पाण्याअभावी घरं बंद होताना पाहिलीत, त्यामुळे शेवटची पानं मी दुकानातच, गिऱ्हाइकाकडे पाठ करून वाचली. या पुस्तकावर मत विचारलंत तेव्हा मला काहीच सांगता आलं नाही, आणि अट मोडूनही तुम्ही हसलात.

तुमचा पगार किती आणि तो कधी होतो, हे सबंध गावाला ठाऊक आहे. तरी गेल्या महिन्यात तुम्ही एका मेडिकलवालीच्या कटकटी रोज उभ्याने ऐकून घेतल्यात, खोडून काढल्यात, क्वचित मान्यही केल्यात. त्याबद्दल मनापासून आभार.

'रारंग ढांग' राखून ठेवलंय म्हणालात, ते शनिवारी न्यायला येते. देवयानीबद्दल तुम्ही जे काही ठरवून ठेवलं असेल, तेही त्याच दिवशी बोला. दुपारी दुकानात मुलगा बसतो, मला घाई नाही.

आपली,
स्टँडसमोरची मेडिकलवाली