इकॉनॉमिक्सचा पेपर गळ्यात पडलेल्या मित्राला

पुणे, ५ जुलै

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

थर्ड इयर मेकॅनिकलचा इकॉनॉमिक्स-मॅनेजमेंटचा पेपर शिकवायला विभागाने तुझ्या गळ्यात मारला आणि तू वैतागलायस. तुझं म्हणणं, हा कॉमर्सवाल्यांचा विषय. तसं नाही रे. रेल्वेचा मार्ग निवडताना बांधणीचा खर्च आणि पुढे गाड्या चालवण्याचा खर्च एकत्र धरला पाहिजे, हे १८८७ मध्ये पद्धतशीर मांडलं ते आर्थर वेलिंग्टन या अमेरिकन रेल्वे इंजिनिअरने. ‘सायंटिफिक मॅनेजमेंट’ मांडणारा टेलर मेकॅनिकलचा इंजिनिअर, मॅनेजमेंटची तत्त्वं सांगणारा फेयॉल खाणीतला. एका वेळी किती माल करावा याचं सूत्र १९१३ मध्ये देणारा फोर्ड हॅरिसही इंजिनिअरच. म्हणजे विषय आपल्याच घरातला आहे, मधल्या काळात व्याख्या पाठ करण्यापुरता उरला एवढंच.

म्हणून व्याख्यांपासून सुरुवात करू नकोस. पहिल्या तासाला फळ्यावर एक मशीन मांड आणि सेमिस्टरभर तेच चालव. भोसरीतल्या एखाद्या छोट्या जॉबवर्कच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर मजुरीने काम करणाऱ्या, शॉपमधलं सीएनसी टर्निंग मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ) घे. आकडे मी शिकवण्यासाठी गोल केलेत, तुझ्या ओळखीच्या शॉपमध्ये विचारून बदल. किंमत २४ लाख, आयुष्य ८ वर्षं, शेवटी ४ लाखांना विकलं जाईल. घसारा वर्षाला अडीच लाख. सरासरी १४ लाख अडकलेत, त्यावर १० टक्क्यांनी व्याज १ लाख ४० हजार. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर, महिना २२ हजार, वर्षाचे ५ लाख २८ हजार. देखभाल ९० हजार. भाडं, सुपरवायझर, ऑफिस मिळून या मशीनच्या वाट्याला ३ लाख ६० हजार. बेरीज १३ लाख ६८ हजार, आणि हा खर्च मशीन चालो न चालो, होतोच. वीज मात्र चाललं तरच: तासाला ६ युनिट, ९ रुपयांनी ५४ रुपये.

आता पोरांना विचार, तासाचा रेट किती? बहुतेक सगळे ३०० दिवस गुणिले १६ तास, म्हणजे ४,८०० ने भागतील आणि ३३९ रुपये काढतील. एवढ्या रेटने कोटेशन दिलं तर शॉप बुडेल, कारण मशीन ४,८०० तास कधीच कापत नाही. ७५ टक्के धरले तर ३,६०० तास होतात आणि रेट होतो ४३४. तासामागे ९५ रुपयांचा फरक, तोही एकाच गृहीतकातून. हे उत्तर तू आधी सांगू नकोस. ३३९ वर सगळ्यांचं एकमत होऊ दे, मग शिफ्टचा कागद काढ.

तो कागद असा: शिफ्ट ४८० मिनिटांची. जेवण-चहा ३०. सेटिंग ४५, म्हणजे जॉ (जॉब पकडणारे जबडे) बदलणं, टूल लावणं, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) घेणं, प्रोग्रॅम चढवणं. पहिला पीस क्वालिटीकडून पास होऊन येईपर्यंत २०. कास्टिंग स्टोअरमधून यायला १५. बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं साधन, सापडत नाही म्हणून १०. गेली १२० मिनिटं, उरली ३६०. सगळा विषय या कागदात आहे, संजय. ३६० मिनिटांची किंमत काढणं हे इकॉनॉमिक्स, आणि १२० मिनिटं कुणाच्या हातून गेली हे शोधणं म्हणजे मॅनेजमेंट. पुस्तकात हे दोन वेगळे भाग असतात. तू ते वेगळे ठेवू नकोस.

सेटिंगमधली २५ मिनिटांची कामं मागचा जॉब चालू असतानाच करता येतात: पुढचे जॉ, टूल, गेज ट्रॉलीवर काढून ठेवणं, प्रोग्रॅम तपासणं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोची झटपट सेटिंगची पद्धत ती हीच. ती २५ मिनिटं वाचली तर वर्षाचे तास ३,८५० होतात आणि रेट ४०९ वर येतो. एक नवा पैसा न गुंतवता तासाला २५ रुपये. पण लगेच पुढचा प्रश्न टाक: वाचलेल्या मिनिटांत भरायला काम आहे का? नसेल तर रेट कागदावरच उतरला. खर्च होता तेवढाच राहिला. हुशार पोरंही इथे गप्प होतात.

मग ऑर्डरचा प्रश्न. जॉब ६ मिनिटांचा, तासाला १०, म्हणजे पीसला ४३ रुपये ४० पैसे पडतात. मुख्य गिऱ्हाइकाचं शेड्यूल या महिन्यात कमी आलंय, दुसरी शिफ्ट अर्धी रिकामी आहे. नवा गिऱ्हाईक ३२ रुपये देतो, मटेरियल त्याचं. घ्यावी की नाही? वर्ग म्हणेल, ११ रुपये तोटा, नको. पण ऑपरेटरचा पगार, घसारा, भाडं या ऑर्डरमुळे एक रुपयानेही वाढत नाही. वाढते ती वीज ५४ आणि इन्सर्ट (टूलचं झिजणारं, बदलायचं टोक) व कूलंट साधारण ४०, जे वरच्या रेटमध्ये धरलेले नाहीत. तासाला ९४, पीसला ९ रुपये ४० पैसे. म्हणजे पीसमागे २२ रुपये ६० पैसे स्थिर खर्चाकडे जातात. घ्यावी. आता अट बदल: रिकामे तास नाहीत, ओव्हरटाइम लावावा लागेल. २२ हजारांना २०८ तासांनी भागलं की १०६ होतात, ओव्हरटाइम दुप्पट म्हणजे २१२. तासाला ३०६, पीसला ३० रुपये ६० पैसे. हातात दीड रुपयाही राहत नाही. दहातला एक पीस बिघडला की तोटा. तिसरी अट: जुन्या गिऱ्हाइकाला हा ३२ चा भाव कळला तर? तो पुढच्या वेळी तेच मागेल, आणि सगळं काम ३२ नं करून १३ लाख ६८ हजार निघणार नाहीत. ऑर्डर एकच, उत्तरं तीन. पेपरात यातलं एकच उत्तर बरोबर धरलं जातं, म्हणून पोरं अटी न वाचता सूत्र लावतात.

व्याजाचा भाग ‘फ्लॅट रेट’ने सुरू कर, कारण दुचाकीच्या कर्जाच्या जाहिराती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. ३ लाख, ३ वर्षं, १० टक्के फ्लॅट. व्याज ९० हजार, हप्ता १०,८३३. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज मात्र पूर्ण ३ लाखांवर लावलेलं असतं. हप्त्यांवरून उलटं गणित केलं की खरा दर निघतो १७.९ टक्के. एवढं झालं की सद्यमूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत, वेगळं समजवावं लागत नाही.

मग दुसरं मशीन घ्यावं का हा प्रश्न. २४ लाख आज, ८ वर्षं दर वर्षी निव्वळ ६ लाख रोख, शेवटी ४ लाख, दर १२ टक्के. १२ टक्के, ८ वर्षांचे गुणक तक्त्यातून घे: ६ गुणिले ४.९६८ म्हणजे २९.८१; ४ गुणिले ०.४०४ म्हणजे १.६२. वजा २४. उरले ७.४ लाख. गणित सोपं आहे, चुका ठरलेल्या आहेत. पहिली, ६ लाखांतून घसारा वजा करतात. मग साडेतीन लाखांवर उत्तर उणे ५ लाख येतं आणि चांगलं मशीन नाकारलं जातं. घसाऱ्याचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत; ते २४ लाख आपण पहिल्याच दिवशी मोजलेत. त्याचा संबंध येतो तो फक्त आयकरात. दुसरी, कर्जाचं व्याज रोखीतून वजा करतात आणि वर १२ टक्क्यांनी डिस्काउंटही करतात. एकच खर्च दोनदा. तिसरी, १८ टक्के जीएसटी धरून २८.३२ लाख लावतात. शॉप नोंदणीकृत असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. रोख काही काळ अडकते, ती वेगळी दाखवायची. चौथी चूक एक्सेलची, आणि ही मास्तरांच्या शीटमध्येही सापडते: एनपीव्ही (निव्वळ सद्यमूल्य) फंक्शन पहिला आकडा एका वर्षानंतरचा धरतं. उणे २४ त्याच रांगेत दिले की उत्तर ७.४ ऐवजी ६.६ येतं. सुरुवातीचे २४ फंक्शनच्या बाहेर वजा करायला लाव.

शेवटी विचार, वर्षाचे ६ लाख कितीपर्यंत घसरले तर चालतील? साडेचारला उत्तर जवळजवळ शून्यावर येतं. ही संख्या मालकाला ७.४ लाखांपेक्षा जास्त उपयोगाची. साडेचार मिळतील याची त्याला खात्री आहे का, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

मागणी-पुरवठ्याचे आलेख, लवचिकता, बाजाराचे प्रकार हे तीन-चार तासांत उरक. फक्त एक गोष्ट याच शॉपला जोडून दाखव. मशीनचा रोखीतला खर्च, घसारा, व्याज आणि इन्सर्ट-कूलंट सोडून, महिन्याला साधारण ९८ हजार. पैसे ९० दिवसांनी येत असतील तर जवळजवळ ३ लाख रुपये मालकाला कुठूनतरी उभे करावे लागतात, नफा असूनही. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. तरी तक्रार करणारे कमी, कारण ८० टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचं असेल तर त्याच्याशी भांडणार कोण? एकच खरेदीदार असलेला बाजार कसा चालतो, हे पोरांना इथे बरोबर कळतं.

मॅनेजमेंटच्या अर्ध्या भागात सिद्धान्तांची जत्रा भरवू नकोस. (माणसाच्या गरजांचा मॅस्लोचा पिरॅमिड सगळे काढतात, मॅस्लोने १९४३ च्या लेखात तो काढलेलाच नाही.) टेलर आणि फेयॉल समोरासमोर उभे कर, पुरे. टेलर म्हणतो, कामगारावर आठ वेगवेगळे फोरमन असावेत, प्रत्येकजण आपल्या विषयातला जाणता. फेयॉल म्हणतो, हुकूम एकाचाच. मग पाच चिठ्ठ्या वाट: ऑपरेटर, सेटर, इन्स्पेक्टर, प्लॅनर, सुपरवायझर. प्रत्येक चिठ्ठीवर त्या माणसाचं काम कशावर मोजलं जातं ते लिही. ऑपरेटरला पीसवर इन्सेंटिव्ह, प्लॅनरला आजचं डिस्पॅच, इन्स्पेक्टरला रोजच्या तपासण्यांची संख्या, सेटरला सेटिंगची वेळ.

प्रसंग असा: बोअरिंगचा इन्सर्ट झिजला, बोअर लहान येऊ लागला. लहान बोअर रिवर्क होतो, म्हणजे पुन्हा कापून सुधारता येतो. ऑपरेटरने थांबून कुणाला विचारण्याऐवजी ऑफसेट दिला, जरा जास्तच दिला. बोअर मोठा झाला, तो स्क्रॅप. इन्स्पेक्टर दुसऱ्या मशीनवर, तो तीन तासांनी आला. ३० पीस गेले. कास्टिंग गिऱ्हाइकाचं, १८० रुपयांनी डेबिट नोट (आपल्या बिलातून कापलेली रक्कम) ५,४००. म्हणजे मशीनचं १२ तासांपेक्षा जास्त काम फुकट. चूक कुणाची? वर्ग एका सुरात म्हणेल, ऑपरेटरची. मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला लाव. प्रत्येकाने आपल्या मापाप्रमाणे बरोबरच वागलंय, आणि मशीन थांबवायचा अधिकार कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेला नाही. इन्स्पेक्टर प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली ठेवायचा की वेगळा, यावर इथून चांगला तास-दीड तास वाद चालतो. चालू दे.

शॉप बघायला ६० जणांची फौज नेऊ नकोस. मालक दारातूनच परत पाठवेल. पाच-पाचचे गट कर, प्रत्येक गटाला वेगळं शॉप. नफा, पगार, भाव विचारायचे नाहीत, ते कुणी सांगत नाही आणि एकदा विचारले की पुढचंही बंद होतं. सायकल टाइम, सेटिंगचा वेळ, दिवसाला किती सेटिंग, किती शिफ्ट, इन्सर्टच्या एका कोनावर किती पीस, एवढं विचारावं. शक्य असेल तर एक शिफ्टभर मशीनपाशी उभं राहून दर दहा मिनिटांनी ‘चालू’ की ‘बंद, का’ एवढंच टिपावं. गुरुवारी जाऊ नका, भोसरीत सुट्टी असते. सेफ्टी शूज प्रत्येकाने आपापले न्यावेत.

तोंडी परीक्षेत गटाने आपल्या शॉपच्या रेटची काढलेली शीट समोर ठेव आणि एक आकडा बदल. वीज ९ ची ११ झाली, रेट किती? १२ रुपये चढून ४४६, हे ज्याने शीट स्वतः केली तो चटकन सांगतो. ज्याने कॉपी मारली तो सगळं पुन्हा गुणायला बसतो. तास ३,६०० चे ३,००० झाले तर, हा पुढचा प्रश्न. तिथे कॅल्क्युलेटर दे, पण आधी विचार की वीज जास्त चावते की रिकामं मशीन.

अभ्यासक्रमातले बाकीचे विषय, मार्केटिंग, एचआर वगैरे, मी मुद्दाम सोडलेत. त्यांच्या नोट्स विभागात कुणाकडेही मिळतील. पहिल्या गटांच्या शीट आल्या की त्यातल्या दोन-तीन पाठव; तास किती धरलेत ते आधी बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश